आडवा वारा आणि टर्बोप्रॉप विमानाचे अवतरण

वादळी हवेत लहान विमानतळावर उतरणाऱ्या विमानातील उतारूंना कधी कधी एक विलक्षण दृश्य दिसते. जी धावपट्टी विमानाच्या नाकासमोर असावयास हवी, ती बाजूच्या खिडकीतून दिसू लागते. विमान एका दिशेस तोंड करून दुसऱ्याच दिशेस चालले आहे, आणि चालक त्याविषयी काहीच करीत नाही, असा भास होतो. प्रत्यक्षात त्या क्षणी विमान अगदी जसे चालावयास हवे तसेच चालत असते. जोखमीचा भाग त्यानंतरचा, म्हणजे जमिनीस चाके लागण्याच्या आधीच्या व नंतरच्या काही सेकंदांचा, असतो. तेवढ्या अवधीत काय घडते, आणि टर्बोप्रॉप जातीच्या प्रवासी विमानांत त्याला निराळे वळण का मिळते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

टर्बोप्रॉप म्हणजे वायुटर्बाइनच्या शक्तीने प्रोपेलर फिरवून चालणारे विमान. १९५३ साली व्हायकाउंट विमानाने ह्या जातीच्या नियमित प्रवासी वाहतुकीस आरंभ केला. भारतात १९५७ मध्ये व्हायकाउंट आणि १९६१ मध्ये फोकर फ्रेंडशिप ही विमाने आली. पुढे लांब पल्ल्याचे मार्ग जेट विमानांनी काबीज केले. तथापि आखूड धावपट्ट्यांच्या गावी आजही एटीआर ७२ किंवा डॅश ८ ह्यांसारखी टर्बोप्रॉप विमानेच उपयोगी पडतात. सिंधुदुर्गातील चिपीच्या विमानतळावर ऑक्टोबर २०२१ मध्ये नियमित वाहतूक सुरू झाली, तीही एटीआर ७२ विमानानेच.

१. वारा विमानाला ढकलतो काय?

सामान्य समजूत अशी की, आडवा वारा विमानास सतत एका बाजूस ढकलीत असतो आणि चालक त्याच्याशी झुंजत असतो. ही समजूत बरोबर नाही. स्थिर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यात उडणाऱ्या विमानाला तो वारा जाणवतच नाही. विमान हवेत असते आणि हवा समूळ सरकत असते. विमानाच्या पंखांना फक्त हवेच्या सापेक्ष असलेला स्वतःचा वेग कळतो. ओहोटीच्या वेळी खाडी ओलांडणारा नावाडी पलीकडच्या धक्क्यावर नेमका पोचण्यासाठी होडीचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगास धरतो. होडी तिरपी दिसते, परंतु धक्क्यापर्यंतचा तिचा मार्ग सरळ असतो. होडी प्रवाहाशी झुंजत नाही. ती प्रवाहात राहूनच त्याचा हिशेब करते.

विमानाचेही तसेच आहे. वाऱ्याचा प्रश्न हवेत उत्पन्न होत नाही. तो जमिनीमुळे उत्पन्न होतो. धावपट्टी स्थिर आहे, तिची दिशा ठरलेली आहे आणि विमानाची चाके त्याच्या नाकाच्या दिशेनेच फिरतात. तेव्हा हवेत जी तिरपी चाल सर्वथा योग्य होती, तीच चाके टेकताच अयोग्य ठरते. विमान एका क्षणात हवेतील वाहनाचे जमिनीवरील वाहन बनते. आडव्या वाऱ्यातील अवतरणाचे सारे मर्म ह्या संक्रमणात आहे.

२. धावपट्टीची दिशा

विमानविद्येच्या प्रारंभकाळी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. त्या वेळचे विमानतळ म्हणजे गवताची विस्तीर्ण मैदाने असत आणि वारा ज्या दिशेने येईल त्या दिशेस तोंड करून विमान उतरविता येई. विमाने जड झाली तेव्हा फरसबंद पट्ट्या आवश्यक झाल्या आणि पट्टी बांधली की दिशा ठरून गेली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील अनेक तळांवर परस्परांशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या तीन पट्ट्या बांधीत. अशा रचनेत वारा कोठूनही आला, तरी जवळच्या पट्टीशी त्याचा कोन ३० अंशांहून अधिक होत नाही. आणि ३० अंशांची साइन निम्मी असल्यामुळे आडवा घटकही वाऱ्याच्या वेगाच्या निम्म्यापेक्षा अधिक होत नाही.

पुढे पट्ट्या लांबल्या, जमीन महागली आणि बहुतेक गावांच्या वाट्यास एकच पट्टी आली. मुंबईस परस्परांना छेदणाऱ्या दोन पट्ट्या आहेत. लहान गावी ती चैन परवडत नाही. तेथे वर्षभराच्या वाऱ्यांची नोंद पाहून एकच दिशा निवडावी लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेची शिफारस अशी की, ज्या विमानांसाठी तळ बांधला आहे त्यांना तो आडव्या वाऱ्याच्या दृष्टीने निदान ९५ टक्के काळ वापरता यावा. १,५०० मीटर वा त्याहून लांब पट्टीची गरज असणाऱ्या विमानांसाठी ह्या हिशेबात २० नॉटपर्यंतचा आडवा घटक चालतो असे धरतात; १,२०० ते १,५०० मीटरसाठी १३ नॉट आणि त्याहून आखूड पट्टीसाठी १० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. उरलेले ५ टक्के म्हणजे वर्षाकाठी सुमारे अठरा दिवस होत. त्या दिवसांचे ओझे नियोजकाच्या खांद्यावरून चालकाच्या खांद्यावर येते.

३. कोनाचे गणित

वाऱ्याचा वेग ३० नॉट आहे असे समजू. तो पट्टीशी ३० अंशांचा कोन करून आल्यास आडवा घटक १५ नॉट होतो. ४५ अंशांनी आल्यास २१ नॉट, ६० अंशांनी आल्यास २६ नॉट आणि काटकोनात आल्यास पूर्ण ३० नॉट. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, कोन ६० अंशांपर्यंत गेला की जवळजवळ सारा वारा आडवाच झालेला असतो.

आता ह्या आडव्या घटकाला तोंड देण्यासाठी विमानाचे नाक किती वळवावे लागेल? विमानाच्या हवेतील वेगाचा जो भाग बाजूस जाईल, तो वाऱ्याच्या आडव्या घटकाइतका झाला पाहिजे. म्हणजेच, वळणाच्या कोनाची साइन ही आडवा घटक भागिले विमानाचा वेग ह्या गुणोत्तराएवढी असते. जेट प्रवासी विमान अवतरणाच्या वेळी सुमारे १४० नॉट वेगाने येते. ३० नॉट आडव्या वाऱ्यात त्याचे नाक सुमारे १२ अंश वळवावे लागते. एटीआर ७२ सुमारे ११० नॉटने येते. त्याचे नाक सुमारे १६ अंश वळते. ६० नॉटने उतरणाऱ्या लहान शिकाऊ विमानाला हाच कोन ३० अंशांचा होतो.

ह्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. आडव्या वाऱ्याचे बळ केवळ वाऱ्याच्या वेगावर नव्हे, तर त्या वेगाच्या विमानाच्या वेगाशी असलेल्या गुणोत्तरावर मोजावे लागते. टर्बोप्रॉपचा मुख्य गुण म्हणजे त्याचा मंद अवतरणवेग. त्यामुळेच ते आखूड पट्टीवर उतरू शकते. परंतु त्याच गुणामुळे तोच वारा त्याला अधिक आडवा वाटतो.

४. अवतरणाच्या दोन रीती

आडव्या वाऱ्यात उतरण्याच्या दोन मूळ रीती आहेत. पहिली खेकड्याच्या चालीची. नाक वाऱ्याकडे वळवून, पंख समतल ठेवून विमान पट्टीच्या मध्यरेषेवरून खाली येते आणि चाके टेकण्यापूर्वी किंचित आधी चालक सुकाणूच्या पायपट्टीने नाक पट्टीच्या दिशेस आणतो. दुसरी रीत पंख झुकविण्याची. वाऱ्याकडील पंख थोडा खाली झुकवून आणि सुकाणू विरुद्ध दिशेस धरून विमान नाक सरळ ठेवूनच उतरते. झुकलेल्या पंखामुळे उत्थापक बलाचा एक अंश वाऱ्याकडे वळतो आणि तो बाजूच्या रेट्यास तोलून धरतो. अशा विमानाचे वाऱ्याकडील चाक प्रथम टेकते, मग दुसरे आणि अखेरीस नाकाखालचे.

पहिल्या रीतीत विमान हवेत सुखाने असते, परंतु शेवटच्या क्षणाची वेळ नेमकी साधावी लागते. नाक सरळ केल्याबरोबर विमान वाऱ्याच्या स्वाधीन होऊन बाजूस सरकू लागते. उदाहरणादाखल, हे बाजूचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दशांशाइतके, म्हणजे सुमारे १ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद, आहे असे धरू. मग पहिल्या सेकंदात विमान अर्धा मीटर सरकेल. तीन सेकंदांत साडेचार मीटर आणि पाच सेकंदांत साडेबारा मीटर. ३० मीटर रुंदीच्या पट्टीत मध्यरेषेपासून कडेपर्यंत अंतर असते अवघे १५ मीटर. नाक सरळ करून चाके टेकविण्यात एक सेकंद गेला तर काही बिघडत नाही. पाच सेकंद गेले तर विमान पट्टीच्या कडेस जाते. दुसऱ्या रीतीत ही घाई नाही, परंतु जमिनीजवळ बराच वेळ नियंत्रके परस्परविरुद्ध धरून राहावे लागते आणि झुकण्यासही मर्यादा असते. म्हणून व्यवहारात बहुधा दोहोंचा मेळ घालतात: खेकड्याच्या चालीने खाली यावयाचे, अखेरीस नाक सरळ करावयाचे आणि त्याच वेळी वाऱ्याकडील पंख थोडा झुकवावयाचा.

थोडा तिरपेपणा उरला आणि चाके टेकली, तर काय होते? येथे चाकांची मांडणी महत्त्वाची ठरते. जुन्या डाकोटा विमानाची मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे होती. त्यामुळे तिरपे टेकलेले विमान अधिकच वळून गिरकी घेण्याचा संभव असे. आजच्या प्रवासी विमानांची मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या मागे असतात. जमिनीचे घर्षण मागून ओढते आणि विमान आपोआप सरळ होऊ पाहते. अमेरिकेच्या बी-५२ बॉम्बफेकी विमानात तर संपूर्ण चाकेच २० अंशांपर्यंत वळविण्याची सोय आहे. प्रवासी टर्बोप्रॉपला ती चैन नाही. त्याला चालकाच्या हातापायांवरच विसंबावे लागते.

५. टर्बोप्रॉपचे गुणदोष

टर्बोप्रॉपचे पंख, प्रोपेलर, सुकाणू आणि चाके ह्या चारही अंगांचा आडव्या वाऱ्याशी संबंध येतो.

पंखांचा विचार प्रथम करू. एटीआर ७२, डॅश ८ व फोकर फ्रेंडशिप ह्यांचे पंख धडाच्या वरच्या बाजूस बसविलेले आहेत. त्यामुळे पंख झुकवून उतरताना पंखाचे टोक वा प्रोपेलर जमिनीस लागण्याची भीती कमी असते. दुसऱ्या बाजूने, पंखांवरील भार कमी असतो. एटीआर ७२ उतरताना त्याचे वजन अधिकात अधिक सुमारे २२ टन असते आणि पंखांचे क्षेत्र ६१ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे ३६० किलो भार येतो. एअरबस ए-३२० ह्या जेट विमानात हाच आकडा ५२० च्या वर जातो. जितका भार कमी, तितका वाऱ्याच्या प्रत्येक झोताचा हिसका अधिक. म्हणून मंद विमान वादळी हवेत अधिक हेलकावते.

प्रोपेलरचा परिणाम सर्वांत मौलिक आहे. त्याने मागे फेकलेला हवेचा झोत पंखाच्या आतील भागावरून वाहतो आणि तेथील उत्थापक बल वाढवितो. त्यामुळे शक्ती वाढविताच, विमानाचा वेग वाढण्याच्या आधीच, पंखांना आधार मिळतो. झोतात सापडून खाली बसू लागलेल्या विमानास हा मोठाच दिलासा होय. परंतु हे शस्त्र दुधारी आहे. जमिनीजवळ शक्ती एकदम काढून घेतली, तर तो झोत नाहीसा होतो, पात्यांचा कोन कमी होऊन प्रोपेलर चकतीप्रमाणे हवेस अडवू लागतो आणि विमान धप्पदिशी खाली बसते. म्हणून टर्बोप्रॉपच्या चालकाने शक्ती हळूहळू काढावी लागते. पुढे जमिनीवर प्रोपेलर उलट रेट्यात घातल्यास गती झपाट्याने कमी होते खरी. परंतु उलट फेकलेल्या खळबळाट हवेत सुकाणू निष्प्रभ होण्याचा धोका असतो, आणि तोही नेमका अशा वेळी, जेव्हा उभी शेपटी वातकुक्कुटाप्रमाणे विमानाचे नाक वाऱ्याकडे फिरवू पाहत असते.

सुकाणूच्या बाबतीत मात्र टर्बोप्रॉप सुदैवी आहे. पंखावरील एक इंजिन बंद पडले, की एका बाजूचा रेटा आणि दुसऱ्या बाजूच्या प्रोपेलरची ओढ ह्यांमुळे विमान जोराने वळू पाहते. ते वळण अडविण्यासाठी उभी शेपटी व सुकाणू भक्कम ठेवावे लागतात. एका संकटासाठी बांधलेले हे बळ दुसऱ्या संकटात कामी येते. मंद वेग असूनही ही विमाने मोठ्या आडव्या वाऱ्यात उतरू शकतात, त्याचे हे एक कारण होय.

चाकांची रचना प्रत्येक विमानात निराळी असते. डॅश ८ ची मुख्य चाके इंजिनांच्या खालून निघतात. ह्या विमानाच्या सर्वांत लांब प्रकारात त्या दोन चाकजोड्यांतील अंतर ८.८ मीटर आहे. एटीआर ७२ ची चाके धडाच्या बगलांतून निघतात. तेथे हे अंतर अवघे ४.१ मीटर आहे आणि पंखांचा विस्तार आहे २७ मीटर. एवढ्या अरुंद पायावर एवढे रुंद पंख तोलावयाचे, तर वाऱ्याकडील पंख उचलला जाऊ नये म्हणून चाके टेकल्यानंतरही पंखांवरील नियंत्रक वाऱ्याकडे वळवून धरावा लागतो. विमान जमिनीस लागले म्हणजे उड्डाण संपले असे नाही. ते मंदगतीने थांबेपर्यंत उडविलेच पाहिजे.

६. शॅनन येथील घटना

ह्या सर्व घटकांची सांगड कशी बसते, हे एका प्रत्यक्ष घटनेवरून पाहता येईल. १७ जुलै २०११ रोजी मँचेस्टरहून निघालेले एक एटीआर ७२ विमान आयर्लंडमधील शॅनन येथे आले. विमानात २१ उतारू आणि ४ कर्मचारी होते. वारा आडवा, जोराचा आणि अतिशय झोतयुक्त होता. पहिला प्रयत्न सोडून चालकांनी पुन्हा फेरी घेतली. दुसऱ्या प्रयत्नात विमान पट्टीवर आदळले आणि नाकाखालील चाकांची जोडी मोडून पडली. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. शॅननची धावपट्टी तीन किलोमीटरांहून लांब आहे. तेव्हा जागा अपुरी पडली असे म्हणता येत नाही.

आयर्लंडच्या अपघात-अन्वेषण विभागाने जी कारणे दिली ती उद्बोधक आहेत. मुख्य कारण असे की, विमानाचा वेग प्रमाणाबाहेर होता आणि नाकाच्या चढउतारावर पुरेसे नियंत्रण राहिले नाही. वेग का वाढला? वादळी हवेत झोताच्या हिशेबाने अवतरणवेगात थोडी भर घालण्याचा प्रघात आहे. निर्देशपुस्तिकेतील शब्दरचना संदिग्ध असल्यामुळे चालकांनी ही भर अवाजवी धरली. त्याखेरीज शक्ती हाताळण्याची चुकीची पद्धत, प्रमुख चालकाचा तोकडा अनुभव आणि आडव्या वाऱ्यातील अवतरणाविषयी कर्मचाऱ्यांस दिलेली अपुरी माहिती, ही साहाय्यक कारणे म्हणून नमूद झाली.

येथे वाचकास प्रश्न पडेल: वेग वाढला की वळणाचा कोन कमी होतो असे वर म्हटले, मग अधिक वेग हितकारक का ठरला नाही? ह्याचे उत्तर उत्थापक बलाच्या नियमात आहे. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग दहा टक्के वाढला, तर बल एकवीस टक्के वाढते. ते जास्तीचे बल नको असेल, तर नाक खाली धरावे लागते. नाक खाली धरले, की मागची भक्कम चाके आधी टेकण्याऐवजी पुढची नाजूक चाके आधी टेकण्याचा धोका येतो. नाक खाली न धरावे, तर विमान पट्टीवर तरंगत राहते आणि तरंगण्याचा प्रत्येक सेकंद, वर पाहिल्याप्रमाणे, बाजूस सरकण्याचा सेकंद असतो. सुरक्षिततेपोटी घातलेली भर अशा रीतीने स्वतःच संकट बनते. ह्या घटनेत वाऱ्याइतकाच दोष एका वाक्याच्या संदिग्धतेचा होता, ही गोष्ट निर्देशपुस्तिका लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

७. मर्यादेचा अर्थ

विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा एक आकडा दिलेला असतो. एटीआर ७२ साठी कोरड्या पट्टीवर तो ३५ नॉट आहे. डॅश ८ च्या सर्वांत लांब प्रकारासाठी ३२ नॉट. ह्या आकड्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. तो विमानाच्या सामर्थ्याची अंतिम सीमा नव्हे. चाचणीच्या दिवशी अनुभवी परीक्षक-चालकांनी जेवढ्या वाऱ्यात विमान सुखरूप उतरवून दाखविले, तेवढा वारा त्यात नोंदलेला असतो. नियमानुसार किमान २० नॉट अथवा विमानाच्या निर्धारित अपभंगवेगाचा, म्हणजे पंखांचे उत्थापक बल ज्या वेगास कोसळते त्या वेगाचा, पंचमांश ह्यांपैकी जो आकडा मोठा असेल, तेवढ्या आडव्या घटकात विमान उतरू शकते हे सिद्ध करावे लागते. २५ नॉटपलीकडे सिद्ध करण्याची सक्ती नाही. पुस्तिकेतला आकडा त्याहून मोठा असतो, तो उत्पादकाच्या प्रयत्नाने व वाऱ्याच्या कृपेने मिळालेला असतो.

म्हणून त्या आकड्याकडे साक्ष म्हणून पाहावे, हमी म्हणून नव्हे. पट्टी ओली असेल, तर चाकांची पकड कमी होते आणि मर्यादा खाली आणावी लागते. अनुभव कमी असणाऱ्या चालकांसाठी विमान कंपन्या ती आणखी खाली आणतात. शिवाय विमानतळावरून कळविलेला वारा हा दोन मिनिटांच्या मापनाची सरासरी असतो. चाके टेकण्याच्या क्षणी मिळणारा झोत सरासरीचा नसतो. जमिनीलगतच्या काही दहा मीटरांत घर्षणामुळे वाऱ्याचा वेग घटतो, दिशाही थोडी फिरते, आणि झाडे वा इमारती ह्यांच्या आडून येणारे भोवरे कोणत्याही सूत्रात बसत नाहीत.

ह्या विवेचनाचा मथितार्थ असा की, आडव्या वाऱ्यातील सुरक्षितता बळापेक्षा निर्णयावर अधिक अवलंबून आहे. वेग नेमका असावा, तिरपेपणा वेळेवर काढावा, शक्ती सावकाश काढावी, हे सारे कौशल्याचे भाग झाले. परंतु विमान मध्यरेषेपासून ढळले, तरंगू लागले अथवा आदळून उसळले, तर उतरण्याचा हट्ट सोडून शक्ती वाढवावी आणि पुन्हा वर जावे; वारा सोसवत नसेल तर दुसऱ्या तळाकडे वळावे. टर्बोप्रॉपच्या प्रोपेलरचा झोत ह्या कामी चालकाचा विश्वासू मित्र असतो. पण तो मदतीस येतो निर्णय वेळेवर झाला तरच. ज्या गावाला एकच धावपट्टी आहे, तेथील उतारूंना असा निर्णय गैरसोयीचा होतो, विलंबाचा होतो, प्रसंगी चिडविणाराही होतो. खिडकीतून पट्टी दिसत असता विमान पुन्हा आकाशात चढू लागले, तर उतारूंनी तो चालकाचा पराभव समजू नये. खाडीच्या ओढीचा अंदाज चुकला असे दिसताच होडी परत फिरविणारा नावाडीच भरवशाचा असतो. तो चालकही त्याच जातीचा असतो.